नकाशाची मूळ प्रत

नाना, माझे वडील, गेल्याचं मला अमृतने, माझ्या चुलतभावाने, फोनवर सांगितलं होतं. नाशिकहून निघाल्यापासून पाच तास ती बातमी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले होते. पण ती खरी वाटली स्टँडवर घ्यायला आलेल्या अमृतची गाडी कॉलनीच्या कमानीशी वळली तेव्हा. कमानीच्या खांबावर नानांचा काळा फळा आहे. त्यावर खडूने लिहिलं होतं :

‘दुःखद वार्ता. प्लॉट नं. १४ मधील दोधू नाना पाटील यांचे आज सकाळी ७.४० वाजता निधन झाले. अंत्ययात्रा दु. ४ वा. राहत्या घरून. पाणी उद्या स. ६ ते ७.’

अक्षर नानांचं होतं. त्यांच्या ‘ळ’चं शेपूट खालच्या ओळीत घुसायचं, आणि शिरोरेघ ते सगळं वाक्य लिहून झाल्यावर एकदम ओढायचे, आगगाडीला डबे जोडल्यासारखी. सगळं तसंच होतं. मी अमृतला गाडी थांबवायला सांगितली.

“हे कोणी लिहिलं?”

“भूमिकावहिनीने. बावीस नंबरवाली,” तो म्हणाला. “दोन वर्षांपासून तीच लिहिते. तुला नाही माहीत?”

मला माहीत नव्हतं.

नाना पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. नोकरीत असतानाच त्यांनी मोतीलाल नगरात प्लॉट घेतला. तेव्हा इथे बासष्ट प्लॉटच्या खुणेचे दगड आणि तेवढीच बाभळीची झाडं होती. कमानीवर फळा लागला तो घरं उभी राहण्याच्या आधी. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कोणाकडे लग्न, कोणाची गाय सुटली, गटारीच्या कामाचा ठराव कुठे अडला, हे सगळं नाना रोज सकाळी लिहीत. नंतर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, कॉलनीचा ग्रुप झाला. तरी ग्रुपवर काही आलं की बाया विचारत, “फळावर शे का?” फळ्यावर असेल तरच ते खरं.

फळ्याचा एक नियम होता. आपल्या घरची बातमी आपण लिहायची नाही. मी दहावीला केंद्रात पहिली आले त्या वर्षी फळ्यावर कॉलनीतल्या तीन मुलांची नावं झळकली. तिघांनाही माझ्यापेक्षा कमी गुण होते. मी नानांना विचारलं तर ते हसले. “मी लिखू तं लोके म्हनतीन, फळा बापना शे.” मी दोन दिवस जेवले नव्हते. त्यांना ते कळलंही असेल, पण फळ्यावर ते येण्यासारखं नव्हतं.

म्हणजे त्यांच्या मरणाची बातमी दुसऱ्या कोणीतरी लिहिणं भागच होतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. फक्त ते अक्षर तिने कुठून आणलं, एवढाच माझा प्रश्न होता.

भूमिका पटेल तापीकाठच्या एका गुजर शेतकरी घरातली. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन या कॉलनीत आली. वय बत्तीस. नवरा भाग्येश पतसंस्थेत. हे मला दारवर बसायला आलेल्या बायांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. आमच्याकडे घरात मयत झाली की लोक दहा-बारा दिवस दारवर येतात, ओट्यावर, अंगणात सतरंजीवर बसतात, थोडं रडतात, मग कापसाच्या भावावर बोलतात. एका सकाळी नवी सून भूमिका फळ्याशी थांबली आणि नानांना म्हणाली होती, “नाना, तुम्ही बुधवारी पाणी लिहिलंय, पण ते गुरुवारी येतं.” नानांनी खडू तिच्याकडे केला. “मग तूच दुरुस्त कर.” तिथून सुरुवात. पुढे नानांचा हात थरथरायला लागला, तेव्हा ते शेजारी उभे राहून सांगत आणि ती लिही.

मला ते फोनवर एवढंच म्हणत : “जेवनीस का? बरं. ठेवस.” मी नाशिकला गेल्यापासून तेवीस वर्षं. मी समजत होते, ते मुळातच कमी बोलतात.

तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. जेवण शेजारून यायचं. चहा मात्र घरात व्हायचा, आणि तो भूमिका करायची. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले, साखरेचा डबा शोधत तीन झाकणं उघडली. तिने माझ्या मागून हात लांबवून वरच्या फळीवरून डबा काढला. “नाना मुंग्यांमुळे वर ठेवायचे, ताई.” आवाजात काही नव्हतं. ती चांगलंच बोलली होती. मी म्हणाले, “अच्छा.” आणि बाहेर येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी अंगणात फुलीबाई भूमिकाला विचारत होत्या. फुलीबाई शेजारच्या तेरा नंबरच्या. “तू गाडीमा व्हती ना व पोरी? शेवटे काय बोलनात नाना?”

भूमिका आणि भाग्येश यांनीच नानांना दवाखान्यात नेलं होतं. त्याबद्दल ऐकायचं मी टाळत आले होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “म्हने, पानीनं लिखनं ऱ्हायनं.”

बाया एकदम रडल्या. मग फुलीबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मरतांबी पानीच. असा मानूस.” आणि दोघी-तिघी हसल्यासुद्धा. माय हसली. माझी आई, कौसाबाई, नवरा जाऊन तीन दिवस झालेली बाई, तोंडाला पदर लावून हसली. मी त्या हसण्यात नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी भूमिका माझ्याकडे आली. बाया गेल्या होत्या, माय आडवी झाली होती.

“ताई, वेळ चुकीची आहे, पण विचारायलाच हवं. नानांकडे एक नकाशा होता. कॉलनीच्या लेआउटचा. निळा, मोठा.”

मग तिने सांगितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाची नवी विकास योजना तयार होत होती. तिचा कच्चा आराखडा नगरपालिकेत लावला होता आणि त्यावर हरकती द्यायला महिन्याची मुदत होती. त्या आराखड्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेतून एक रस्ता गेला होता, मागे पडणाऱ्या नव्या प्लॉटांना जोडणारा. मोकळी जागा म्हणजे मधलं मैदान. तिथे मुलं खेळतात, उन्हाळ्यात बाया ज्वारीच्या पापडासारखे बिबडे आणि मिरच्या वाळत घालतात, सगळ्या कॉलनीच्या हळदी तिथेच लागतात. रस्ता झाला तर त्यातली दोन अंगणांएवढी जागा उरली असती.

“यात पालिकेची तरी काय चूक?” ती म्हणाली. “आपला लेआउट मंजूर झाला तेव्हा ही जमीन गावाच्या हद्दीबाहेर होती. त्यांच्याकडे आपला नकाशाच नाही. त्यांना ती नुसती रिकामी जागा दिसते. मूळ नकाशात मैदान मैदान म्हणून लिहिलेलं आहे, आणि रस्त्यासाठी नाल्याच्या कडेने वेगळी पट्टी सोडलेली आहे. तो एक कागद लावला की झालं. नाना म्हणायचे, अर्ज तू लिही, सह्या तू घे, नकाशा मी शेवटच्या दिवशी स्वतः काढून देईन. कुठे ठेवलाय ते मलाही सांगितलं नव्हतं.”

मलाही सांगितलं नव्हतं. पण तिलाही नाही, हे ऐकून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. साखरेचा डबा, अक्षर, शेवटचं वाक्य, सगळं तिच्याकडे होतं. हा एक कागद त्यांनी तिच्या हाती दिला नव्हता.

आणि तो मला आदल्या दिवशीच सापडला होता. मायची पातळं काढताना, पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या शालूखाली. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, घडीवर विरलेला, तीन फूट लांबीचा निळा कागद. मी तो उलटा करून पाहिला होता. मागची बाजू पिवळट पांढरी होती आणि तिथे पेन्सिलीने बारीक टिपणं होती. कोणता प्लॉट कोणी कधी घेतला, कडुलिंब कोणी लावले, नाल्याला पूर कोणत्या साली आला. ती मागची बाजू मी दुपारभर वाचली होती, कारण नाना माझ्याशी इतकं लांब कधीच बोलले नव्हते.

आता भूमिका समोर बसून म्हणाली, “त्याच्या मागे नानांनी आणि मी कॉलनीचा सगळा इतिहास लिहिलाय. नाना सांगायचे, थकले की पेन्सिल माझ्याकडे द्यायचे.” नकाशा ते पुढ्यात धरून बसत आणि संध्याकाळी स्वतःच आत घेऊन जात.

म्हणजे मी वाचलेल्यातलं नानांचं किती आणि हिचं किती? पेन्सिल एकच, ‘ळ’चं शेपूट एकच, शिरोरेघ एकाच झटक्यात. मला माझ्या बापाचं अक्षर ओळखता येत नव्हतं.

“शुक्रवारी शेवटची तारीख आहे,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं पाहून ठेवा.”

मी म्हणाले, “माय म्हणते, गंधमुक्ती होईपर्यंत नानांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. घरातला कागदसुद्धा बाहेर जायला नको.”

मायने असं काही म्हटलं नव्हतं. असा नियमही मी कुठे ऐकलेला नाही. पण तो नियमासारखा वाटत होता. गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडे सुतक फिटण्याचा दिवस, बारावा. शुक्रवार नववा होता.

भूमिकाने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. “माफ करा ताई. मी विचारायलाच नको होतं. मायला सांगू नका, मी विचारलं म्हणून.”

मी तिला पुरती ओळखत नव्हते, पण या कॉलनीला ओळखत होते. ही माणसं गटारीसाठी अधिकाऱ्याच्या गाडीसमोर आडवी झाली होती. पाण्यासाठी त्यांनी बैलगाड्या लावून रस्ता अडवला होता. पण सुतक असलेल्या घरात जाऊन ‘कागद काढा’ असं त्यांच्यातलं कोणी म्हणणार नव्हतं. मैदान गेलं तरी. मी जे बोलले होते ते सह्या करणाऱ्यांपर्यंत गेलं तरी त्याची खातरजमा कोणी मायकडे जाऊन करणार नव्हतं. खोटं बोलायला याहून सुरक्षित जागा मला सापडली नसती.

सहावा, सातवा, आठवा दिवस मी नकाशाची मागची बाजू घेऊन आतल्या खोलीत बसून काढला. भिंग आणलं. नानांनी दाबून लिहिलं असेल, तिचा हात हलका असेल, असं धरून ओळींवरून बोट फिरवलं. एका ओळीवर थांबले, ‘पूर्वेकडील कडुलिंब : रोहिणीच्या पाचव्या वाढदिवशी’. माझं नाव. हे नक्की नानांचंच. मग वाटलं, त्यांनी सांगितलं असेल आणि तिने लिहिलं असेल. म्हणजे माझ्या वाढदिवसाचं झाडही तिला माहीत आहे. मी ते झाड कोणतं, हे खिडकीतून पाहिलं. पूर्वेला कडुलिंब तीन होते.

या दिवसांत भूमिका चहा करतच होती. फळाही लिहीत होती. आठव्या दिवशी सकाळी फळ्यावर होतं : ‘उद्या हरकतींची शेवटची तारीख. आपला अर्ज एकशे दहा सह्यांनिशी दिला आहे.’ नकाशाबद्दल एक अक्षर नव्हतं. आमच्या घरातली गोष्ट तिने नीट झाकून ठेवली होती. त्याचाही मला राग आला.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी एकच्या सुमाराला अंगणात सात-आठ बाया होत्या. बोलता बोलता धनुबाई, पलीकडच्या गल्लीतल्या, मायजवळ सरकल्या.

“कौसाबाई, तुम्ही मनले लावू नका. मैदाननं जे व्हई ते व्हई. सुतकमा घरना कागद बाहेर काढाना नही, तुमनं बरोबर शे. आमीन समदा तेच म्हनतस.”

“व्हय,” फुलीबाई म्हणाल्या. “नाना ऱ्हातात तं गोष्ट येगळी.”

मायने वर पाहिलं. आधी धनुबाईंकडे, मग दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या माझ्याकडे. भूमिका चहाचे कप गोळा करत होती. ती तशीच थांबली.

“हां,” माय म्हणाली. “तेच म्हनू मी.”

आणि तिने विषय वळवला. धनुबाईंच्या नातीचं बाळंतपण म्हसावदला होणार की माहेरी, हे ती विचारू लागली. बाया उठून गेल्या तेव्हा दोन वाजले होते. माय आत आली, पेटीजवळ बसली, झाकण उघडलं, शालूखाली हात घातला. नकाशा तिथे नव्हता. माझ्या उशीखाली होता.

“रोहिणी, मन्हं नाव कसाले लिधं?”

मी पेटीतली पातळं पुन्हा घडीवर लावू लागले.

“मी म्हंतं व्हतं का तसं? आं? नवरा मरना मन्हा. सुतक माले शे. त्या सुतकनी आड तू काय लपाडी ऱ्हायनी?”

“त्यावर नानांनी लिहिलेलं आहे,” मी म्हणाले. ते माझ्याच कानाला पाच वर्षांच्या मुलीसारखं लागलं.

“लिखेल शे तं वाच ना. नऊ दिन व्हयनात, वाचीसन व्हयनं नही का?” ती थोडा वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुले वाटस, त्या पोरीनी तुन्हा बाप लिधा. लिधा नही. बाप आठे व्हता, ती आठे व्हती. तू तठे व्हती. बस.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मला वाटलं, मायसुद्धा तिच्याच बाजूची.

आणि म्हणूनच, मला वाटतं, मी नकाशा उचलून भूमिकाकडे न जाता सरळ नगरपालिकेत गेले. रिक्षात बसून मी मनात अर्ज जुळवला आणि बाकड्यावर बसून तो लिहून काढला. नानांच्या मुलीने त्यांचा नकाशा सादर केला, असं व्हायला हवं होतं. तिच्या हातून नाही.

हरकतींच्या खिडकीमागे दलसिंग वळवी नावाचे कारकून होते. साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी माझा अर्ज सावकाश वाचला.

“फार छान लिहिलंय मॅडम. असा अर्ज वर्षभरात आला नव्हता. तुम्ही मोतीलाल नगरात राहता?”

“मी दोधू पाटलांची मुलगी.”

“नानांची?” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “वाईट झालं हो. दर सोमवारी यायचे ते. पण तुम्ही राहता कुठे?”

“नाशिकला.”

“हं.” त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर पेपरवेट, पंचिंग मशीन, चहाचा ग्लास आणि स्वतःचा हात ठेवला. “ही नाल्याकडेची पट्टी. आज ती मोकळी आहे का? की कोणी कुंपण घातलंय? रुंदी किती उरली आहे?”

मला माहीत नव्हतं. मी त्या नाल्याकडे वीस वर्षांत गेले नव्हते.

“असं करा,” ते म्हणाले. “तुमच्या कॉलनीचा अर्ज आधीच आलाय. भूमिका भाग्येश पटेल, अधिक एकशे नऊ. कागदपत्रं जोडली : निरंक. हा नकाशा त्या अर्जाला पुरवणी म्हणून लावता येईल, पण पुरवणीवर अर्जदाराची सही लागेल. सव्वापाचपर्यंत मी इथे आहे. बोलवा त्यांना.”

माझ्याकडे भूमिकाचा नंबर नव्हता. नऊ दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात होती. मी अमृतला फोन करून तो घेतला.

ती पंधरा मिनिटांत स्कूटीवर आली. केस बांधलेले नव्हते. टेबलावरचा निळा कागद पाहून ती दारातच थांबली.

“मायने काढायला सांगितला?”

तसं म्हणता आलं असतं. माय पुन्हा ‘हां’ म्हणाली असती.

“मायने कधी नको म्हटलंच नव्हतं,” मी म्हणाले. “ते मी म्हटलं. नकाशा चौथ्या दिवसापासून माझ्याकडे होता.”

तिला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला.

“मी चार रात्री झोपले नाही ताई. मला वाटलं, सुतकात कागद मागितला म्हणून नानांना पाप लावलं मी. भाग्येशला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला अक्कल नाही.” तिचा आवाज चढला तसे मागच्या रांगेतले दोघे वळून पाहू लागले. “तुम्हाला मी नको होते तर तसं सांगायचं ना! चहा करू नको, घरात येऊ नको म्हणायचं. मी आले असते का? आणि दारवर बसलेली प्रत्येक बाई मला विचारायची, तू कोण लागस नानानी? मी काय सांगू? बावीस नंबर?”

या प्रश्नावर मी कधी विचार केला नव्हता. मला वाटत होतं, तिच्याकडे सगळं आहे.

“बाई,” वळवी हलकेच म्हणाले, “साडेचार झाले. भांडण बाहेर झाडाखाली करता येतं. आधी पट्टीचं सांगा.”

भूमिकाने डोळे पुसले आणि नकाशावर वाकली. तिने बोट ठेवलं आणि बोलायला लागली. पट्टी नऊ मीटर आहे, वेड्या बाभळी वाढल्यात पण बांधकाम एकही नाही, पावसाळ्यात शेवटच्या टोकाला पाणी साचतं तिथे मोरी बांधावी लागेल, रस्ता तिथून नेला तर मागच्या प्लॉटांनाही जवळ पडतो. “रस्ता आमलेबी जोयजे साहेब, पन पोरेसना छातीवरथून नको.” ते वाक्य नानांचं होतं. बोलताना बोटाने टेबलावर दोनदा टकटक करणंही त्यांचंच. मी तिच्या बोटावरची नजर काढून घेतली. पण मी कान दिले होते, कारण ते आता दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नव्हतं.

वळवींनी मान हलवली. “मुद्दा बरोबर आहे. साहेब मानतील, न मानतील, सुनावणीत कळेल. पण कागद बोलतोय. याची छायाप्रत जोडा, मूळ मी तपासून परत देतो.”

आम्ही दोघी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात धावलो. दुकानदाराने नकाशाचा एक भाग काचेवर ठेवला, बटण दाबलं. काळाकुट्ट कागद बाहेर आला. त्याने उजेड वाढवून पाहिलं. राखाडी कागद आला. “निळ्यातून रेषा उठत नाहीत बहिणजी. एवढा मोठा नकाशा नंदुरबारला निघेल, मोठ्या मशीनवर. उद्या जा.”

“उद्या” म्हटल्यावर भूमिकाने माझ्याकडे पाहिलं. पाचव्या दिवशी दिला असता तर चार उद्या हातात होते.

आम्ही परत खिडकीशी आलो तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

“मग मूळच जमा करावा लागेल,” वळवी म्हणाले. “एकदा दप्तरी गेला की परत मिळत नाही. नक्कल मागता येईल पुढे, पण ती पुढच्या बाजूची. मागे पेन्सिलीने काय आहे ते नकलेत येणार नाही. विचार करा दोघी.”

विचार करायला दहा मिनिटं होती. भूमिकाने मोबाईल काढून मागच्या बाजूचे फोटो घेतले. तिसऱ्या फोटोनंतर तिने पडदा माझ्याकडे वळवला. पिवळट कागदावर करड्या रेघा, काही वाचता येत नव्हतं. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. तिने जागा बदलून पुन्हा पाहिलं. तसंच.

“तुमचा आहे,” ती म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर मी काही बोलणार नाही. कॉलनीला सांगेन, सापडला नाही.”

ती हे मनापासून म्हणत होती, आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्यासाठी खोटं बोलायला आता तीही तयार होती, मायसारखी.

मी नकाशा उलटा केला. पूर्वेकडच्या कडुलिंबाची ओळ शोधून तिच्यासमोर धरली.

“हे कोणी लिहिलंय? तू की त्यांनी?”

ती वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

“आठवत नाही, ताई,” ती म्हणाली. “खरंच. आम्हालासुद्धा नंतर ओळखू यायचं नाही.”

मी कागद सरळ केला आणि खिडकीतून आत सरकवला. वळवींनी कोपऱ्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. भूमिकाने पुरवणीवर सही केली. ती सही मात्र तिची स्वतःची होती, गोल, घाईची, शिरोरेघ नसलेली. वळवींनी नकाशा मूळ घडीवर दुमडला, तो एका घडीवर थोडा फाटला, आणि लोखंडी कपाटात ठेवला. कपाट बंद करताना त्यांना दोनदा ढकलावं लागलं.

पोच तिच्या नावाने मिळाली. ती तिने वाचली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. ‘जरा दाखव’ असं मी म्हणू शकले असते. आवारात स्कूटीजवळ आम्ही उभ्या राहिलो. निघायचं कोणी म्हणत नव्हतं. माझा राग गेला नव्हता. नानांच्या शेवटच्या आठ वर्षांच्या सकाळी तिच्याकडे होत्या आणि त्यांची नक्कल कुठल्याच मशीनवर निघणार नव्हती.

“उद्या दहावा,” मी म्हणाले. “पहाटे प्रकाशा गावाला निघायचं आहे, तापीवरच्या घाटावर. अमृतची गाडी आहे. तू ये.”

“मी?” तिने स्कूटीची किल्ली हातात फिरवली. “घाटावर घरची माणसं असतात. मी कोण म्हणून येऊ?”

बहीण म्हणणं माझ्या तोंडून आलं नसतं, आणि आलं असतं तरी तिने ते खरं मानलं नसतं.

“पुढे अमृत आणि काका,” मी म्हणाले. “मागे माय खिडकीशी. जागा माझ्या शेजारीच आहे. दुसरी नाही.”

तिने किल्ली स्कूटीला लावली.

“किती वाजता?” तिने विचारलं.